नाटक मंडळीतला खून : हस्तलिखित पाठवण्याआधी वाचा

संपादनासाठी आमच्याकडे येणाऱ्या रहस्यकादंबऱ्यांत सध्या संगीत नाटकांचा काळ जोरात आहे. साहजिकच आहे. एकच बिऱ्हाड, एका पंगतीला जेवणारी माणसं, रंगपटातले रुसवेफुगवे, थकलेले पगार. संशयित शोधायला बाहेर जावंच लागत नाही. रक्ताचे पाट न वाहवता खुसखुशीत लिहायचं तर याहून सोयीची जागा सापडणं कठीण.

तरी "आमचं बाड परत का पाठवलंत?" असे फोन येत राहतात. कारण बहुतेकदा एकच असतं : अंधार.

प्रसंग ठरलेला. साल १९१५, तालुक्याचं गाव, पद रंगात आलेलं, वन्स मोअर पडतोय, आणि 'अचानक सगळे दिवे गेले'. दिवे येतात तेव्हा मंडळीचे मालक विंगेत आडवे. मुंबईत विजेच्या ट्रामा १९०७ पासून धावत होत्या, म्हणून तालुक्याच्या तंबूतही बटण होतं असं नाही. तिथे रॉकेलचे दिवे आणि गॅसबत्त्या. प्रत्येक बत्ती स्वतंत्र जळते. हवा कमी पडली की ती आधी मलूल होते, फुरफुरते, मग कुणीतरी ती उतरवून पंप मारतो. तोवर बाकीच्या चालूच. सगळ्या एकदम घालवायला खुन्याबरोबर अर्धी मंडळी कटात हवी. (बत्तीवाल्याला साक्षीदार करा की! प्रयोगभर विंगेजवळ, आणि त्याच्याकडे कुणाचं लक्ष नाही.)

"एवढं एक वाक्य बदला ना तुम्हीच," असं म्हणतात. ते वाक्य बदललं की कोण कुठे होतं, कुणी काय पाहिलं आणि शेवटचा उलगडा, तिन्ही कोसळतात. ते नव्याने रचणं लेखकाचंच काम. म्हणून आम्ही संपादन सुरू करण्याआधी एका पानाचं टिपण मागतो : साल, गाव, उजेड कशाचा, खुनाच्या वेळी कोण कुठे. त्याचं आणि पहिल्या वाचनाचं शुल्क आधी घेतो. काहींना हे पैसे काढायचं निमित्त वाटतं. पण पुस्तकाची पानं लागल्यावर हीच चूक सापडली तर अक्षरजुळणीचा खर्च दुप्पट होतो, आणि तो तुमच्याच खिशातून जातो.

बाकी चुका किरकोळ. गायक-नट केशवराव भोसले ४ ऑक्टोबर १९२१ रोजी गेले, त्यांना १९२२ मध्ये गायला लावू नका. कोल्हापूर संस्थान होतं, तिथल्या खुनाचा तपास मुंबईचा पोलीस अधिकारी परस्पर करणार नाही. बायकांच्या स्वतंत्र मंडळ्या होत्या, पण नावाजलेल्या बहुतेक मंडळ्यांत स्त्रीभूमिका पुरुषच करत. याचा फायदा फारसं कुणी घेत नाही, याचं आम्हाला नवल वाटतं. "शालू नेसलेली बाई मागच्या दाराने पळाली," अशी साक्ष मिळाली, तर फौजदाराने कपडेपटातल्या कुणाकुणाला धरायचं?

टिपणाचा कोरा नमुना आमच्या दुकानात मोफत मिळतो. कादंबरी आमच्याकडेच संपादनाला दिलीत तर वाचनशुल्क बिलातून वजा होतं. मजकूर युनिकोडमध्ये, एकाच फाइलमध्ये पाठवा. प्रकरणं व्हॉट्सअ‍ॅपवर सुटी सुटी पाठवू नका. खुनाचं प्रकरणच नेमकं मागे राहतं.