लिव्हर ‘पुन्हा उगवतं’, म्हणजे नेमकं काय?

‘लिव्हर कितीही खराब झालं तरी ते पुन्हा उगवतं’ असा मेसेज वर्षानुवर्षं फिरतोय. त्यात अर्धं सत्य आहे, म्हणूनच तो पटतो.

निरोगी माणसाने लिव्हरचा अर्ध्याहून मोठा भाग दान केला, तरी उरलेल्या पेशी विभागून काही महिन्यांत आकार जवळपास भरून काढतात. कापलेला भाग मात्र परत फुटत नाही, उरलेलाच वाढतो.

दारू, हिपॅटायटिस बी-सी किंवा चरबीमुळे वर्षानुवर्षं इजा होत राहिली, की गोष्ट बदलते. एरवी ‘अ’ जीवनसत्त्व साठवून शांत बसणाऱ्या ताराकृती पेशी जाग्या होतात आणि कोलॅजेनचे धागे विणू लागतात. जखमेवर वण धरतो, तसंच. मऊ, गुळगुळीत लिव्हर कडक आणि गाठाळ होतं: हाच सिरॉसिस. तिथेही पेशी वाढतात, पण वणांच्या कुंपणात अडकून.

कारण लवकर थांबलं तर वण थोडा विरतोही, ही खरी दिलाशाची बाब.

पडताळायचं कसं? फक्त एसजीपीटी या लिव्हरच्या रक्ततपासणीवर विसंबू नका. सिरॉसिसमध्येही तो नॉर्मल येऊ शकतो. लिव्हरचा कडकपणा फायब्रोस्कॅन या सोनोग्राफीसारख्या तपासणीत किलोपास्कल या एककात मोजतात. तो आकडा डॉक्टरांकडून समजून घ्या.