शेतजमिनीतील युद्धावशेष आणि धातुशोधक यंत्र : पार्श्वभूमी

मराठवाड्यातील जुन्या रणभूमींपैकी बहुतेक ठिकाणी आज कापूस, मका आणि सोयाबीन उभे असते. या रानांत धातुशोधक यंत्र घेऊन युद्धाचे अवशेष शोधावेत का, हा वादाचा विषय आहे. पालखेड (१७२८), उदगीर (१७६०) आणि राक्षसभुवन (१७६३) येथील लढायांचे प्रसंग वाचकांना परिचित आहेत. पालखेडला तर शत्रूची कोंडी करूनच काम भागले, त्यामुळे तेथील मातीत शोधण्यासारखे फारसे उरलेले असण्याचा संभव कमी आहे. असईची गोष्ट निराळी आहे.

२३ सप्टेंबर १८०३ रोजी जालना जिल्ह्यातील केळणा आणि जुई या नद्यांच्या दरम्यान शिंदे-भोसले यांच्या फौजा आणि ईस्ट इंडिया कंपनीचे सैन्य यांच्यात जी लढाई झाली, ती मुख्यतः तोफखान्याची आणि कवायती पायदळाची होती. कंपनीच्या बाजूचे सुमारे १,६०० लोक मृत, जखमी किंवा बेपत्ता झाले आणि शिंद्यांच्या शंभराच्या आसपास तोफा हातच्या गेल्या. इंग्रजांच्या उजव्या बगलेची तुकडी गावाजवळ आली तेव्हा तिच्यावर इतका मारा झाला की ती जवळजवळ संपली. इतिहासात या लढाईची ओळख विजेत्याच्या, म्हणजे आर्थर वेलस्ली (पुढचा ड्यूक ऑफ वेलिंग्टन) याच्या कीर्तीमुळे राहिली. शिंद्यांच्या गोलंदाजांनी केलेल्या कामगिरीला मात्र त्या मानाने फारच कमी जागा मिळाली. तोफेचे गोळे, छर्रे आणि बंदुकीच्या शिशाच्या गोळ्या मातीत जेथे पडल्या, तेथून त्या कामगिरीचा अंदाज करता येणे शक्य होते. एक गोळी स्वतःहून काहीच सांगत नाही. शंभर गोळ्या कोठे दाट आणि कोठे विरळ सापडल्या याची नोंद असेल, तर कोणती तुकडी कोठे उभी होती हे दिसू लागते. अमेरिकेतील लिटल बिगहॉर्न या जुन्या रणभूमीवर १९८४ पासून धातुशोधक घेऊन ओळीने चालणाऱ्या स्वयंसेवकांनी हेच सिद्ध केले.

यंत्राचा स्वतःचा इतिहास थोडक्यात सांगता येतो. अमेरिकेच्या जखमी राष्ट्राध्यक्षांच्या शरीरातील गोळी शोधण्यासाठी १८८१ मध्ये विजेच्या उपकरणाचा प्रयोग झाला आणि तो फसला. दुसऱ्या महायुद्धात सुरुंग शोधण्यासाठी हातात धरून चालण्याजोगे यंत्र तयार झाले आणि युद्धानंतर ते हौशी लोकांच्या हाती आले. मराठवाड्यात मात्र त्याला एक स्थानिक अडचण आहे. येथील काळी जमीन बेसाल्ट खडकापासून झालेली असल्याने तिच्यात लोहखनिजाचे कण असतात आणि जमीन स्वतःच यंत्रात आवाज करते. शिवाय ही माती उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसात फुगते, त्यामुळे जड वस्तू मूळ खोलीवर राहत नाहीत. ट्रॅक्टरच्या पलटी नांगराने उरलेसुरले थरही विस्कटले आहेत.

वादाचा खरा मुद्दा मात्र कायद्याचा आहे. जमिनीत सापडलेल्या धनाबाबत आजही १८७८ च्या कायद्याचा दाखला दिला जातो. मातीत दडलेली, दहा रुपयांहून अधिक किमतीची कोणतीही वस्तू सापडल्यास ती कोठे, कधी आणि काय सापडली हे जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावे, असे तो सांगतो. न कळविल्यास एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. दहा रुपयांची ही मर्यादा ज्या काळी ठरली, त्या काळी तेवढ्या रुपयांत सुमारे ११६ ग्रॅम वजनाची चांदीची नाणी येत होती, म्हणजे किरकोळ वस्तू आपोआप वगळल्या जात. मर्यादा तीच राहिली आणि रुपया घसरला, तेव्हा शिशाच्या तीन-चार गोळ्या भंगाराच्या भावानेही ती रेषा ओलांडू लागल्या. त्यातही सरकारने वस्तू घ्यायची ठरवली, तर धातूची किंमत आणि वर तिचा पाचवा हिस्सा एवढाच मोबदला द्यावा लागतो. इतिहासाचे मोल या हिशेबात येत नाही. हा कायदा करणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर मोहरांनी भरलेला हंडा होता. रानभर विखुरलेल्या, एकेकट्या कवडीमोल आणि एकत्रित मोलाच्या वस्तूंचा विचार त्यात दिसत नाही. युद्धात पडलेली गोळी ‘दडवलेली’ मानायची का, हा प्रश्नही त्यामुळे वकिली कसरतीचा विषय होतो. कायदा जागा विचारतो, पण खोली आणि आसपासच्या वस्तू विचारत नाही, आणि अभ्यासाला नेमके तेच हवे असते.

त्याही आधीची गुंतागुंत अशी की हा कायदा ब्रिटिश हिंदुस्थानचा होता आणि मराठवाडा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. तेथे १९१४ पासून स्वतंत्र पुरातत्त्व खाते होते, परंतु त्याचे लक्ष अजिंठा-वेरूळसारख्या स्थळांकडे अधिक राहिले. स्वातंत्र्यानंतर १९५८ च्या कायद्याने संरक्षित स्मारकांचे रक्षण केले आणि १९७२ च्या कायद्याने शंभर वर्षांहून जुन्या वस्तू देशाबाहेर नेण्यावर निर्बंध घातले. नांगराखालच्या खासगी रानातील रणभूमीला या दोहोंतून थेट आधार क्वचितच मिळाला.

अलीकडच्या काळात यंत्र घेऊन रानात फिरणाऱ्यांबद्दल संशय वाढला तो गुप्तधनामुळे. रात्री रान खणणारे, अमावास्येला पूजा मांडणारे आणि त्यांना नादी लावणारे भोंदू यांचे प्रकार इतके झाले की २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याच्या अनुसूचीत गुप्तधनाच्या शोधासाठी केलेल्या अघोरी कृत्यांचा उल्लेख आला. तो उल्लेख योग्यच होता, पण त्याची सावली अभ्यासासाठी यंत्र घेऊन फिरणाऱ्यावरही पडते आणि गावकरी आधी पोलीस पाटलाला गाठतात. दुसऱ्या बाजूला, १९४८ च्या पोलीस कारवाईच्या मार्गावरील शिवारांत सापडणारी वस्तू जिवंत दारूगोळा असू शकते. अशा वेळी यंत्र वाजल्यावर खणण्याऐवजी पोलिसांना कळविणे हाच मार्ग आहे.

शेतकऱ्यासमोरचा प्रश्न अधिक साधा आहे. १८७८ च्या कायद्यानुसार बेवारस ठरलेल्या धनाचे तीन हिस्से शोधणाऱ्याला आणि एक हिस्सा जमीनमालकाला मिळतो, दोघांत वेगळा करार नसेल तर. नांगरताना वस्तू सालगड्याच्या हाती लागली, तर शोधणारा तोच ठरतो. सातबाऱ्यावर नाव असलेल्या भावकीला ही वाटणी सहसा ठाऊक नसते, आणि म्हणूनच बांधावरचा गोळा तहसीलकडे जाण्याआधी भंगारवाल्याच्या काट्यावर चढतो.