ड्युटी रूममधला शेरा आणि ‘पब्लिक व्ह्यू’ची अट : पार्श्वभूमी

नव्या रेसिडेंट डॉक्टरला पहिल्याच आठवड्यात दोन प्रश्न येतात : पूर्ण नाव काय आणि प्रवेशपरीक्षेतली रँक किती? आडनावावरून जातीचा उलगडा झाला नाही तर रँकवरून होतो. मग कधीतरी सुई दुसऱ्यांदा टोचावी लागते, एखादी नोंद राहून जाते, आणि कुणीतरी म्हणते, ‘कोट्यातले ना, दुसरे काय होणार!’ जातीचे नाव त्यात कुठेच नसते. अशा बोलण्याला काय उत्तर द्यावे, हा हल्ली धिटाईचा प्रश्न म्हणून मांडला जातो. प्रत्यक्षात तो आपल्या कायद्यांच्या घडणीतून आलेला आहे.

१९५५चा अस्पृश्यतेविरुद्धचा कायदा रुग्णालयाचे नाव घेतो, पण प्रवेशापुरते. दवाखान्यात कुणाला येऊ दिले नाही तर शिक्षा. डोळ्यांपुढे होता तो रुग्ण. आत काम करणारे एकमेकांशी काय बोलतात, याची कल्पना तेव्हा कुणी केली नसावी; वॉर्डात दलित असलाच तर बहुधा झाडूवाला, आणि त्याने उलट बोलणे अपेक्षितच नव्हते. सफाई कामगाराच्या वारसाला तीच नोकरी देण्याचे महाराष्ट्रातले धोरण हेतूने चांगले होते, पण त्याने काम आणि जात यांची गाठ पुढच्या पिढीतही तशीच राहिली. तिथे आडनाव विचारावेही लागत नाही.

पुढे अनुसूचित जाती-जमातींवरील अत्याचार रोखणारा १९८९चा कायदा आला, ज्याला सगळे नुसते ‘ॲट्रॉसिटी’ म्हणतात. तो ३० जानेवारी १९९० पासून लागू झाला. त्यात अपमानाचा गुन्हा होता, पण अपमान ‘लोकांच्या नजरेस येईल अशा ठिकाणी’ झालेला हवा. वकील याला ‘पब्लिक व्ह्यू’ म्हणतात. २०१६च्या जानेवारीत लागू झालेल्या दुरुस्तीने तरतूद दुभंगली : जाणूनबुजून पाणउतारा करणे एका पोटकलमात, जातीच्या नावाने शिवीगाळ दुसऱ्यात. शिक्षा सहा महिने ते पाच वर्षे. अट मात्र दोन्हीकडे तीच राहिली.

ही अट रस्त्यावरच्या, पाणवठ्यावरच्या भांडणाला बेतलेली आहे. रुग्णालयात ती अडखळते. २००८ साली सर्वोच्च न्यायालयाने सार्वजनिक जागा आणि लोकांच्या नजरेतली जागा यांत फरक केला. खासगी घराच्या फाटकाशी उभ्या असलेल्या चालकाला केलेली शिवीगाळ रस्त्यावरून दिसते, म्हणून ती गुन्ह्यात बसते. इमारतीच्या आत बोललेलेही बसू शकते, मात्र तिथे त्रयस्थ लोक हवेत. नुसते नातेवाईक किंवा मित्र असून चालणार नाही. २०२०च्या आणखी एका निकालात चार भिंतींच्या आत, बाहेरचे कुणी नसताना झालेले बोलणे वगळले गेले. आता ऑपरेशन थिएटर घ्या. भूल दिलेला रुग्ण, सर्जन, भूलतज्ज्ञ, दोन सिस्टर, दाराशी मामा, म्हणजे वॉर्डबॉय. हे ‘लोक’ आहेत की ‘मित्र’? सहकारी ना नातेवाईक, ना त्रयस्थ. भर ओपीडीत रांगेसमोर शेरा आला तर अट पुरी होते, पण मुरलेला सीनिअर तिथे बोलतच नाही. तो बोलतो राउंड संपल्यावर, चहा घेताना. साक्षीदार म्हणून जे उरतात त्यांचीही रजा आणि लॉगबुक त्याच्याच सहीसाठी थांबलेले असते.

‘कोटा’ हा शब्द या अटीइतकाच निसरडा आहे. जातीच्या नावाने शिवी दिली तर दुसरे पोटकलम लागते, पण ‘कोट्यातला’ ही जात नव्हे, असे म्हणून बोलणारा सुटू पाहतो. पाणउताऱ्याच्या पोटकलमात जातीचे नाव लागत नाही, पण हेतू सिद्ध करावा लागतो; २०२४च्या निकालाप्रमाणे अपमानाचा रोख समोरच्याच्या जातीवर असल्याचे दिसले पाहिजे. गंमत म्हणजे, उच्चशिक्षण संस्थांसाठीच्या २०१२च्या विनियमांत विद्यार्थ्याला ‘राखीव प्रवर्गातला’ असे लेबल लावणे हाच भेदभाव मानला आहे. २०१६ साली रॅगिंगच्या व्याख्येतही जातीवरून दिलेला त्रास आला. म्हणजे विद्यार्थ्याच्या बाबतीत शब्द ओळखता आला. सिस्टर, तंत्रज्ञ, वॉर्डबॉय यांच्यासाठी तसे काही लिहिले गेले नाही. ईशान्येकडील लोकांवरच्या वांशिक शेऱ्यांसाठी दंडविधानात नवी कलमे घालावीत, असे एका सरकारी समितीने २०१४ मध्ये सुचवले होते. ती आली नाहीत.

शेऱ्याचा आणखी एक प्रकार कागदावरचा. पश्चिम महाराष्ट्रातल्या एका सरकारी फार्मसी महाविद्यालयात भांडारपालाच्या गोपनीय अहवालात वरिष्ठांनी सचोटी आणि चारित्र्याबद्दल प्रतिकूल नोंद केली. त्याने ॲट्रॉसिटीखाली तक्रार केली २००६ साली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि मार्च २०१८ मध्ये या कायद्याखालच्या अटकेआधी चौकशी व परवानगीच्या अटी आल्या. २ एप्रिलला देशभर बंद पाळला गेला. ऑगस्टमध्ये संसदेने त्या अटी हटवणारी दुरुस्ती केली, २०१९ मध्ये न्यायालयाने आपले निर्देश मागे घेतले आणि २०२० मध्ये दुरुस्ती कायम ठेवली. या सगळ्या गदारोळात ‘गैरवापर’ हाच शब्द गाजला. वरिष्ठाने कनिष्ठाबद्दल काय आणि का लिहावे, या मूळ प्रश्नावर मात्र फारसे कुणी बोलले नाही.

लैंगिक छळाचा रस्ता वेगळा होता. १९९७चा निकाल आणि २०१३चा कायदा यांमुळे दहा किंवा अधिक माणसे काम करतात तिथे अंतर्गत समिती बंधनकारक झाली. नोकरीवरच्या जातीय शेऱ्यासाठी अशी पायरीच नाही. गिळून टाका, नाहीतर पोलीस ठाणे. अधली जागा रिकामी असल्यामुळे ‘एवढ्यासाठी ॲट्रॉसिटी लावणार का?’ हा प्रश्न शेऱ्याइतकाच हमखास ऐकू येतो, आणि तो विचारणारे बऱ्याचदा जवळचेच असतात. २०१९ साली मुंबईत एका पदव्युत्तर विद्यार्थिनी डॉक्टरच्या मृत्यूनंतर सहकाऱ्यांच्या बोलण्यावर बोट ठेवले गेले, तेव्हा चर्चा पुन्हा विद्यार्थ्यांच्या रॅगिंगपाशीच फिरली.

जानेवारी २०२५ मध्ये ‘पब्लिक व्ह्यू’चा प्रश्न कार्यालयापर्यंत आला. तमिळनाडूतल्या एका महसूल निरीक्षकाला त्याच्याच दालनात जातीवरून शिवीगाळ झाल्याची तक्रार होती. सहकारी आले, पण प्रसंग घडून गेल्यावर. दालन लोकांच्या नजरेतली जागा ठरले नाही आणि खटला रद्द झाला.