ऑनलाइन आरपीजीमधली लढाई

ऑनलाइन आरपीजीमध्ये (आपलं एक पात्र घेऊन खेळायचे गेम) आपण बटण दाबतो, ते सर्व्हरला जातं, सर्व्हर हिशेब करतो आणि समोरच्या राक्षसाची हेल्थ कमी होते. या सगळ्याच्या नियमांना गेमर लोक कॉम्बॅट मेकॅनिक्स म्हणतात. ग्राफिक्स कितीही भारी असू देत, हे हातात बसलं नाही तर गेम आठवड्यात अनइन्स्टॉल होतो, आणि बसलं तर जुनाट दिसणारा गेमपण माणूस दहा वर्षं सोडत नाही.

जुनी पद्धत म्हणजे टार्गेट निवडायचं आणि स्किल मारत राहायचं. एव्हरक्वेस्टमध्ये (१९९९) लढाई झाली की खाली बसून माना (जादू वापरायची शक्ती) भरायची वाट बघावी लागायची. वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टने (२००४) वेग वाढवला, तरी तिथेही एक स्किल मारलं की साधारण १.५ सेकंद बाकीची बरीचशी स्किल्स बंद असतात, त्याला ग्लोबल कूलडाऊन म्हणतात. फायनल फँटसी १४ मध्ये तोच मुळात २.५ सेकंदांचा आहे आणि ओल्ड स्कूल रुनस्केपमध्ये तर अख्खं जग ०.६ सेकंदाच्या टिकवर, म्हणजे सर्व्हरच्या ठोक्यावर चालतं. नवीन माणसाला हे संथ वाटतं, पण मजा त्या ठेक्यातच आहे, एकदा ठेका बसला की बोटं आपोआप पुढच्या स्किलवर जातात आणि डोकं बॉस (मोठा, तगडा राक्षस) काय करतोय ते बघायला मोकळं राहतं.

दुसरी पद्धत अ‍ॅक्शनची, म्हणजे नेम आपण धरायचा आणि वार आपण चुकवायचा. टेरा (२०११) आणि गिल्ड वॉर्स २ (२०१२) ही त्यातली मोठी नावं. गिल्ड वॉर्स २ मध्ये एन्ड्युरन्स (दमाची पट्टी) फुल असली तरी साधारणपणे लागोपाठ दोनच डॉज (वार चुकवायच्या उड्या) मिळतात, प्रत्येकात पाऊण सेकंद कुठलाच मार लागत नाही. दोनच असल्यामुळे प्रत्येक डॉज विचार करून वापरावा लागतो, अमर्याद दिले असते तर कोणी बॉसकडे बघितलंच नसतं. ज्याने कबड्डी खेळलीय त्याला हे लगेच कळेल, कोपऱ्यातल्याने घोट्यासाठी झेप घेतली की ती अर्ध्यावरून परत घेता येत नाही, पकड सुटली तर गडी बाद. जड तलवारीचा वारपण असाच हवा, एकदा उचलली की उचलली.

माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे बॉस काय करणार ते आधी दिसलं पाहिजे. तो हात मागे नेतो, जमिनीवर केशरी गोल उमटतो, मग आपण हलतो. मेलो तरी का मेलो हे कळलं तर माणूस रात्री दोन वाजता परत ट्राय मारतो, नाही कळलं तर चिडून उठतो. वार लागताना चित्र क्षणभर थिजतं, ठोक्याचा आवाज येतो, त्यानेच तलवारीला वजन येतं. टँक (मार अंगावर घेणारा), हीलर (बाकीच्यांची हेल्थ भरणारा), डॅमेजवाले ही वाटणी जुनीच आहे, ती नसलेले गेमपण चालतात.

आता पिंग, म्हणजे आपला सिग्नल सर्व्हरला जाऊन परत यायला लागणारा वेळ. आपल्याकडे याशिवाय हा विषय पूर्णच होत नाही. नवी मुंबईत ऐरोली, महापेला डेटा सेंटरच्या एवढ्या बिल्डिंगी उभ्या आहेत, पण बऱ्याच एमएमओंचे (हजारो लोक एकत्र खेळतात असे ऑनलाइन गेम) सर्व्हर भारतात नाहीत, ठाण्यातून खेळणारा सिंगापूर नाहीतर युरोपला जोडला जातो. मुंबई ते सिंगापूर सरळ रेषेत साधारण ३,९०० किलोमीटर आणि फायबरमधून प्रकाश सेकंदाला दोनेक लाख किलोमीटर जातो, म्हणजे जाऊन-येऊन ४० मिलिसेकंद तर कितीही पैसे भरा लागणारच, प्रत्यक्षात जास्तच लागतात. ठेक्यावरच्या गेममध्ये हे खपून जातं. वॉरक्राफ्टमध्ये कूलडाऊन संपायच्या ४०० मिलिसेकंद आधी दाबलेलं बटणसुद्धा रांगेत धरलं जातं. अ‍ॅक्शन गेममध्ये मात्र डॉज दिसतो आपल्या स्क्रीनवर आणि मार लागतो सर्व्हरच्या हिशेबाने. फायनल फँटसी १४ मध्ये बऱ्याच हल्ल्यांचा निकाल बॉसचा कास्ट बार (हल्ल्याची तयारी दाखवणारी पट्टी) संपतानाच लागतो, अ‍ॅनिमेशन नंतर येतं, त्यामुळे इकडचे जुने प्लेअर गोल सोडून बारकडे बघत खेळतात आणि थोडं आधीच हलतात.

पावसाळ्यात आमच्या सोसायटीत केबलचा घोळ झाला की पिंग २०० मिलिसेकंदांच्या वर उड्या मारतो, त्या रात्री मी हीलर घेत नाही, नेरुळचा मित्र घेतो आणि मी लांबून धनुष्य चालवतो.