जिरेनियम : फुलोऱ्यासाठी निगा

कुंड्यांतले जिरेनियम शास्त्रीयदृष्ट्या पेलार्गोनियम प्रजातीतले असून तिच्या बहुतेक जाती मूळच्या दक्षिण आफ्रिकेतल्या आहेत. स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनीअस यांनी १७५३ मध्ये त्यांना जिरेनियम नावाच्या प्रजातीतच घातले होते. फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ लेरिटिए यांनी १७८९ मध्ये वेगळे काढले. ओळखीची खूण फुलाच्या देठात असते : मधाची नळी देठाला चिकटून खाली उतरते, देठ आडवा कापला की तिची पोकळी दिसते. महाराष्ट्रात तेलासाठी लावतात ते सुगंधी जिरेनियमही याच प्रजातीतले, पण तिथे उत्पन्न पाल्याचे असते आणि फुलांकडे कोणी बघत नाही.

पाने हिरवीगार, टवटवीत आणि फुलांचा पत्ता नाही, ही नेहमीची तक्रार. कारण बहुधा अति लाड हेच असते. ऐसपैस कुंडी, रोजचे पाणी आणि नत्राचा मारा मिळाला की झाड पाल्यातच रमते. कुंडी मुळांना जेमतेम पुरेल एवढीच घ्यावी, शक्यतो मातीची. वरची बोटभर माती कोरडी झाल्याशिवाय पाणी घालू नये. कळ्या दिसू लागल्यावर पालाश (पोटॅश) जास्त असलेले विद्राव्य खत अगदी पातळ करून द्यावे.

मात्र ऊन कमी असेल तर खताने काही साधत नाही. रोज पाच-सहा तास ऊन हवे. महाराष्ट्रात हिवाळ्यात दिवसभराचे चालते; मार्चनंतर सकाळचेच द्यावे. पारा पस्तिशीकडे गेला की फुले थांबतात, तेव्हा खतही थांबवावे. मोठ्या, ठिपकेदार फुलांच्या ‘रीगल’ प्रकाराला कळ्या धरण्यासाठी थंड रात्री लागतात, त्यामुळे मुंबई-कोकणात त्याच्या नादी न लागलेले बरे.

सुकलेल्या फुलांच्या नुसत्या पाकळ्या झाडून भागत नाही. गुच्छाचा लांब दांडा जिथे खोडाला मिळतो तिथे धरून बाजूला वाकवावा. कट् करून पेऱ्यापाशी सुटतो. तसाच राहिला तर दमट हवेत त्याला बुरशी धरते. रोप लहान असतानाच शेंडा खुडला तर फांद्या वाढतात आणि तितकेच गुच्छही.

पावसाळ्यात कुंड्या वळचणीखाली न्याव्यात, कारण साचलेल्या पाण्याने खोड बुडाशी काळे पडून कुजते. पाऊस ओसरल्यावर लांबट, बोडक्या फांद्या छाटाव्यात. त्यांच्या बोटभर लांब शेंड्यांच्या काड्या काही तास सावलीत ठेवून, काप सुकल्यावरच वाळूमिश्रित मातीत खोचाव्यात.