इच्छामरणाचं औषध घेतलं, आणि मग कोणीतरी अँब्युलन्स बोलावली

इच्छामरण म्हटलं की लोकांना डॉक्टर सुई टोचतोय असंच वाटतं. अमेरिकेतल्या ओरेगनमध्ये 1997 पासून हे कायदेशीर आहे, पण तिथे डॉक्टर फक्त प्रिस्क्रिप्शन देतो, औषध पेशंटने स्वतःच्या हाताने घ्यायचं, बहुतेकदा घरीच. मग घरघर ऐकून घरातलंच कोणीतरी घाबरतं, 911 (तिथला इमर्जन्सी नंबर) फिरवतं आणि पेशंट येतो इमर्जन्सीत. (घरघर म्हणजे घशात साचलेली लाळ, जीव कशात अडकलेला नसतो.)

बरीच वर्षं तिथे हे औषध म्हणजे बार्बिट्युरेट, जुन्या प्रकारचं झोपेचं औषध, मोठ्या डोसमध्ये. आता डॉक्टरची खरी गोची कळायला ते काय करतं ते बघा. गाबा हे मेंदूचं ब्रेकचं रसायन. ते पेशीवरच्या रिसेप्टरला (म्हणजे त्याच्या ठरलेल्या जागेला) चिकटलं की पेशीचं क्लोराइडचं दार उघडतं, निगेटिव्ह आयन आत शिरतात, पेशी गप्प. काम्पोजसारख्या झोपेच्या गोळ्या हे दार जास्त वेळा उघडायला लावतात, पण त्यांना गाबा लागतोच. बार्बिट्युरेट दार जास्त वेळ उघडं धरतं, आणि डोस मोठा असला तर गाबाशिवायही उघडतं. मग श्वासाचं केंद्रही गप्प होतं. पण पेशी गप्प झालीये, मेलेली नाही! ईईजी (मेंदूचा आलेख) सपाट दिसू शकतो, म्हणूनच हे औषध अंगात असताना ब्रेन डेथची टेस्ट ग्राह्य धरत नाहीत. वेळेत श्वासाची नळी घालून व्हेंटिलेटर लावला तर लिव्हर औषध काढून टाकतं आणि माणूस उठूही शकतो. 2005 मध्ये ओरेगनचा एक कॅन्सर पेशंट तर जवळपास तीन दिवसांनी उठला आणि नंतर आजारानेच गेला.

म्हणजे वाचवता येतं, हाच प्रॉब्लेम. हातात काही मिनिटं, समोर बायको रडतेय वाचवा म्हणून, कागद घरी राहिलेत, आणि हा कायद्याने आलेला पेशंट की डिप्रेशनमध्ये गोळ्या खाल्लेला, ते रिसेप्टर बघून कळत नाही. शंका असली तर बहुतेक डॉक्टर नळी घालतात, नंतर काढता येते म्हणून, आणि मला ते पटतं. पण घातलेली काढणं आणि मुळात न घालणं नैतिकदृष्ट्या सारखंच, हे पुस्तकात ठीक आहे, हाताला ते सारखं वाटत नाही. म्हणून तिथल्या हॉस्पिसवाल्या (शेवटच्या दिवसांत काळजी घेणाऱ्या) नर्स घरच्यांना आधीच बजावतात, 911 नको, आम्हाला फोन करा.

आपल्याकडे असं औषध देणं बेकायदाच. सुप्रीम कोर्टाने 2018 मध्ये फक्त उपचार थांबवायला परवानगी दिली, 2023 मध्ये लिव्हिंग विलचे (पुढे कोणते उपचार नकोत हे आधीच लिहून ठेवण्याचे) नियम सोपे केले, तरी दोन मेडिकल बोर्ड लागतात आणि बोर्डाने शक्यतो 48 तासांत ठरवायचं. कॅज्युअल्टीत 48 तास कोणाकडे असतात? विलची फाइल कपाटातून येईपर्यंत नळी घालून झालेली असते, आणि काढायची तर परत बोर्ड.