उलटी रचलेली टेकडी

डिचोलीहून साखळीकडे जाताना सपाट माथ्याच्या टेकड्या दिसतात, अंगावर ऑस्ट्रेलियन बाभळीची गर्द झाडी. या टेकड्या म्हणजे खाणींचे डंप, उपसलेल्या माती-दगडांचे ढीग. गोव्यात एक टन लोहखनिज काढायला साधारण दोन-तीन टन माती-दगड उपसावे लागतात आणि पोर्तुगीज काळात दिलेले खाणपट्टे तर जेमतेम १०० हेक्टरपर्यंतचे. माती पसरायला जागाच नाही, म्हणून ती उंच चढवली गेली.

हे खनिज घडलं पाण्यामुळे. अडीच अब्ज वर्षांहून जुन्या समुद्रतळावर लोह आणि सिलिकाचे पट्टे आलटून-पालटून साचले. पुढे हे खडक उघडे पडले, आणि उष्ण, पावसाळी हवेत मुरत राहिलेल्या पाण्याने त्यातली सिलिका हळूहळू विरघळवून नेली. लोह मागे उरलं. खाणीच्या कापलेल्या भिंतीवर हा इतिहास सरळ वाचता येतो: वर जांभा, त्याखाली कठीण ढेकळी खनिज, त्याखाली मुठीत घेतली तर बोटांमधून गळून जाणारी निळसर-काळी भुकटी, आणि आजूबाजूला गुलाबी, पिवळ्या, पांढऱ्या चिकणमात्या. जांभा सच्छिद्र, पावसाचं पाणी तो मुरवून घेतो. भुकटीचा थरही पाण्याने भरलेला असतो. म्हणजे ज्या थरासाठी खाण खोदायची, गावाचं पाणीही त्यातच! खाण भूजलाच्या खाली उतरली की पंप लावून पाणी उपसावंच लागतं. शिरगावच्या लोकांनी विहिरी आटल्याची तक्रार न्यायालयापर्यंत नेली, ती यामुळेच.

डंप रचताना हा सगळा क्रम उलटा होतो. आधी निघालेली सुपीक माती आणि जांभा तळाशी गाडले जातात, खोलवरची निर्जीव चिकणमाती माथ्यावर येते. तिच्यात ना कुजकं द्रव्य, ना बियाणं. त्यावर वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस कोसळतो. उतारावर घळी पडतात, लाल गाळ ओहोळातून भातशेतीत उतरतो आणि वाळला की त्याची अशी टणक खपली धरते की रोपाच्या मुळांना हवा मिळत नाही.

उपाय माहीत नाहीत असं नाही. उताराला टप्पे पाडायचे, पायथ्याशी चिऱ्यांची भिंत घालायची, गाळ बसायला तळी खोदायची, काथ्याच्या जाळ्या अंथरून वाळा लावायचा. ऑस्ट्रेलियन बाभूळ लावली गेली ती हवेतला नत्र मातीत आणते आणि निकस जमिनीतही तग धरते म्हणून. तिने धूप आवरली, हे मान्य करायला हवं. पण तिचा पाचोळा लवकर कुजत नाही, खाली दुसरं फारसं उगवत नाही. अशा लागवडीला मी जंगल म्हणणार नाही. किंदळ, कुंभा, जांभूळ यांना तिथे जागा मिळायला हवी.

२०१२ मध्ये खाणी थांबल्या, २०१४ मध्ये वर्षाला २ कोटी टनांची मर्यादा घालून त्यांना परवानगी मिळाली, २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या पुन्हा थांबवल्या. आता लिलावाने खाणींचे नवे पट्टे (ब्लॉक) दिले जात आहेत. तिथे पहिल्या दिवसापासून वरची माती वेगळी, बुटक्या ढिगांत ठेवायला हवी. उंच ढिगात, वर्षानुवर्षं पडून राहिली तर तिच्यातलं बियाणं आणि सूक्ष्मजीव मरतात. आणि जिथलं खनिज संपलं असेल त्या खड्ड्यात उपसलेली माती परत भरत जायची, चिकणमाती खाली आणि ही जपलेली माती सर्वांत वर.